एकट्याने करायचा सराव

“आता तुमच्या मागे कुणाला तरी उभं करा,” व्हिडिओतला फिलिपिनो कोच इंग्रजीत म्हणाला आणि सदानंदने व्हिडिओ थांबवला. कोच शांत होता, सावकाश बोलत होता, समजावत छान होता. पण प्रत्येक धड्याची सुरुवात तो याच वाक्याने करायचा. बायको, भाऊ, शेजारी, कुणीही चालेल म्हणे. तुमच्या चुका तुम्हाला दिसत नाहीत, त्यांना दिसतात. सदानंदने मागे वळून पाहिलं. मागे सोफा होता आणि सोफ्यावर आठवड्याचे धुतलेले कपडे पडले होते.

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या या घरात वर्षापूर्वी तीन माणसं होती. मुलगी शुभ्रा कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि तिच्याबरोबर त्याची बायको विभावरीही गेली. मागे राहिला सदानंद, त्याची अकाउंट्सची नोकरी आणि रिकामे शनिवार. एका शनिवारी तो सहज एका शूटिंग क्लबात डोकावला आणि पन्नाशीत त्याला प्रॅक्टिकल शूटिंगचं वेड लागलं. हा एका जागी उभं राहून नेम धरायचा खेळ नव्हे. यात पिस्तूल घेऊन पळायचं, वळायचं, आडोशाआडून कागदी टार्गेटांवर गोळ्या झाडायच्या. वेळही मोजतात आणि नेमही. खरं सांगायचं तर वेड खेळाचं कमी आणि तिथल्या माणसांचं जास्त होतं. गोळीबार झाला की सगळे चहा घेत बसायचे आणि पुरुषमंडळी बायकांच्या तक्रारी करायची. सदानंदही करायचा. “आमची विभावरी तर उशीर झाला की दारच उघडत नाही,” असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. ती इथे नाहीच, हे त्याने आधी सांगितलं नाही आणि मग सांगायची सोय राहिली नाही.

पुढच्या महिन्यात क्लबाची तिघांची टीम फुजैराला स्पर्धेला जाणार होती. यूनुस आणि संजय नक्की होते. तिसरी जागा शनिवारच्या चाचणीत सदानंद आणि क्लबातली तरुण मुलगी रिद्धी यांच्यातल्या एकाला मिळणार होती. सदानंदला पदक नको होतं. यूनुसच्या गाडीतली मागची सीट हवी होती, वाटेतला चहा हवा होता, दोन दिवस कुणीतरी “उठलात का?” म्हणून दार ठोठावायला हवं होतं.

फोन वाजला. यूनुसच होता. खेडचा माणूस, अल कूझला गॅरेज चालवायचा आणि क्लबात सगळ्यांत जुना.

“काय सदानंदभाई, मी पाठवलेला तो फिलिपिनो कोचचा कोर्स घेतलात का?”

“बघतोय. अजून दोन-तीन ऑप्शन आहेत.”

“ऑप्शन कसले बघता? तुमची गोळी बराबर जाते, घोटाळा पायांत आहे. तोच घ्या आणि भाभींना मागे उभं करा. मी येऊ का एखाद्या दिवशी?”

“नको नको,” सदानंद घाईने म्हणाला. “विभावरी आहे ना. ती बघेल.”

फोन ठेवल्यावर त्याने दुसरा कोर्स निवडला. ‘एकट्याने, घरच्या घरी, महिन्यात दुप्पट वेग.’ पी हळद आणि हो गोरी, हे त्यालाही कळत होतं. पण त्यातला अमेरिकन तरुण मागे कुणालाही उभं करायला सांगत नव्हता.

पिस्तूल क्लबातच ठेवावं लागायचं. म्हणून सदानंदने विभावरीचा हेअर ड्रायर घेतला. मूठ बरी बसत होती. भिंतीवर कागद चिकटवले आणि रोज ऑफिसातून आला की तो हॉलभर धावू लागला. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत जायचं, गर्रकन वळायचं, परत यायचं. वेग खरोखरच वाढला. तो स्वतःवर इतका खूश झाला की एकदा आरशासमोर “शाब्बास” म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

शनिवारी रिद्धीच्या आधी त्याचा नंबर लागला. पहिली टार्गेटं त्याने अशी उडवली की संजयने शीळ घातली. मग मागच्या खुणेवर परत यायचं होतं. सदानंद गर्रकन वळला, घरी वळायचा तसाच, आणि त्याच्याबरोबर हातातलं पिस्तूलही वळलं.

“स्टॉप!”

सगळे जागच्या जागी थिजले. शरीर कुठेही वळो, नळी टार्गेटांकडेच राहिली पाहिजे, हा या खेळातला पहिला नियम. सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या रेंज ऑफिसरने पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, मागे माणसं उभी आहेत.” सदानंद बाद झाला.

यूनुस त्याला बाजूला घेऊन गेला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. “ही सवय कुठून लागली तुम्हाला? भाभींच्या ध्यानात नाही आलं?”

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सदानंदने मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं.

“विभावरी पुण्याला आहे, यूनुस. वर्ष झालं. घरात माझ्या मागे कुणीच नसतं.”

यूनुस पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन सावलीत जाऊन बसला.

बाद झालेला माणूस घरी गेला तरी चालतं. सदानंद थांबला. रिद्धीचा नंबर झाल्यावर त्याने चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि इतरांबरोबर पुन्हा वापरायच्या टार्गेटांवरची भोकं बुजवू लागला. रिद्धीच्या गोळ्या नीट मधोमध लागल्या होत्या. तो एकेका भोकावर पट्टी लावून अंगठ्याने दाबत होता.

“सॉरी काका, रिअली,” ती शेजारी येऊन म्हणाली.

“अगं, सॉरी काय त्यात? छान मारलंस.” त्याने शेवटची पट्टी तोडली. “फुजैराला जाताना जॅकेट घे बरोबर. डोंगरात सकाळी गार असतं.”