गाडीला लावलेले आणि गाडीत ठेवलेले

तुम्ही टायर बघितलेच नाहीत. अपघाताच्या सरकारी कागदावर शिक्का मारलात, सही केलीत आणि वर लिहिलंत: "कारण – रस्त्यावर चालवण्यास अयोग्य, गुळगुळीत, शर्यतीचे टायर." एका ओळीत गाडी चालवणाऱ्या विलोला मूर्ख ठरवलंत आणि टायर बसवणाऱ्या एवारिस्तोला खुनी. ज्यानं ही ओळ लिहिली, त्यानं पॅंटचा गुडघा मळवून एकदा चाकाला हात लावला असता, तर हे सगळं सांगत बसायची वेळ आली नसती.

कायेय गावच्या डोंगरउतारावर एवारिस्तोचं टायरचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, एक कॉम्प्रेसर आणि पुढे दोन खुर्च्या. एक त्याची, दुसरी विलोची. विलो शेजारच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा, म्हणजे सकाळी अर्धा तास करायचा आणि उरलेला दिवस या खुर्चीत बसून एवारिस्तोशी वाद घालायचा. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. एकाला बायको सोडून गेलेली, दुसऱ्यानं केलीच नाही.

विलोची गाडी म्हणजे आठशे किलोची जुनी टोयोटा, आत माझदाचं रोटरी इंजिन, पाचशे घोड्यांची ताकद. आमच्या बेटावर असल्या गाड्या गल्लीगल्लीत आहेत. ताकद कुणीही घालतो; ती जमिनीला टेकवायची कशी, हा प्रश्न टायरवाल्याकडे येतो.

फेब्रुवारीत तोच वाद झाला.

"मला मऊ दे," विलो म्हणाला. "नखानं खरवडलं तर नखात रबर आलं पाहिजे."

"शर्यतीला मऊ ठीक आहे. बाकीचे सहा दिवस तू पाव आणायला जातोस, लेका."

"पाव गरम असतो. लवकर पोचावं लागतं."

"आणि पाऊस आला म्हणजे? तुझ्या त्या मऊ टायरला खाचा दोन. पाणी जाणार कुठनं, तुझ्या डोक्यातनं?"

"तिथे जागा आहे खरी."

"पाचशे घोडे आणि अक्कल एका गाढवाची."

"तीही तुझ्याकडूनच उसनी घेतलेली," विलो म्हणाला आणि खुर्ची मागे कलती करून हसला.

एवारिस्तोनं तीन जोड्या काढून समोर ठेवल्या होत्या. एक विलोला हवी ती, च्युइंगमसारखी मऊ. दुसरी कडक, पन्नास हजार मैल चालणारी. ती या गाडीखाली नुसता धूर काढत फिरली असती. तिसरी मधली. रबर बऱ्यापैकी मऊ, पण पाणी बाहेर फेकायला चार खोल खाचा. विलोनं तोंड वाकडं केलं. एवारिस्तोनं त्याला न विचारता मागच्या चाकांवर तिसरी चढवली, अठ्ठावीस पौंड हवा भरली आणि नेहमीप्रमाणे आतल्या बाजूला, पाण्यानं सहजी न जाणाऱ्या पिवळ्या मेणाच्या खडूनं तारीख, हवा आणि गाडीवाल्याचं नाव लिहिलं.

मऊ जोडी विलोनं तरीही घेतलीच. ती गाडीच्या मागच्या जागेत, जॅकसकट. इथे सगळे तेच करतात: रस्त्याच्या टायरवर सालिनासच्या शर्यतीच्या पट्टीपर्यंत जायचं, तिथे पार्किंगमध्ये मागची दोन चाकं बदलायची, शर्यत लावायची, पुन्हा बदलून घरी यायचं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुम्हाला.

टायर बसवल्यानंतरच्या रविवारी सकाळी दोघं मिळून शर्यतीला निघणार होते. इतक्यात एक म्हातारी पंक्चर घेऊन आली.

"तू हो पुढे," एवारिस्तो म्हणाला. "आलोच मी."

पाच मिनिटं भुरभुर पाऊस झाला, बस. जांबाच्या झाडांच्या वळणावर विलोची गाडी फिरली आणि आडवी झाडावर गेली. विलो जागीच गेला. तुमच्याच कागदात वेग लिहिलाय, ताशी पस्तीस मैल. तिथल्या पाटीवर मर्यादाही पस्तीसच आहे.

कागद आला मे महिन्यात. तो घेऊन विलोची थोरली बहीण कार्मीन दुकानात आली. दर रविवारी ती केळीच्या पानात बांधून उकडलेले, आत मटण भरलेले दोन पास्तेल द्यायची, एक भावाला, एक एवारिस्तोला. आज तिच्या हातात नुसता कागद होता.

"हे वाच."

त्यानं वाचलं.

"कार्मीन, हे टायर गाडीला नव्हते. गाडीत होते. मागे ठेवलेले."

"सरकारी माणूस काय आंधळा होता?"

"मी चार खाचांचे लावले होते. माझ्या हातानं."

"तू? विलोला तू कधी नाही म्हणालास? जन्मात? त्यानं हट्ट केला आणि तू दिलेस. मी ओळखत नाही तुम्हा दोघांना?"

"या वेळी म्हणालो होतो."

"मग दाखव."

दाखवणार काय? तुम्ही गाडी उचलून भंगारात दिली होती. एवारिस्तो तिथे पोचला तेव्हा तिचा दाबून ठोकळा झाला होता. भंगारवाला म्हणाला, "तीन चाकांवर आली होती हो. चौथं नव्हतंच." ऐकलंत? तीन चाकांची गाडी नेलीत आणि चौथं कुठे गेलं, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही.

कार्मीननं गावभर सांगितलं. पाववाला त्याच्याशी बोलेना. डोमिनो खेळायला येणारे दोघे येईनासे झाले. गिऱ्हाईक यायचं, पण दुसऱ्या गावचं. दुपारी कॉम्प्रेसर बंद केला की एवारिस्तो एकटाच रिकाम्या खुर्चीला काहीतरी खवचट बोलायचा, आणि उलट उत्तर येईना म्हणून गप्प व्हायचा. कधीकधी त्याला स्वतःचीच शंका यायची. खरंच तिसरीच जोडी लावली ना मी? की शेवटी ऐकलं त्याचं? आठवण चोळून चोळून पुसट होते. माणूस एकटा असला की जास्तच.

म्हणून तो दर रविवारी दुकान बंद करून वळणाखालच्या ओढ्यात उतरायचा. कोयत्यानं वेली तोडायचा, हातानं चिखल चाचपायचा. पाचव्या रविवारी दोन खडकांच्या मध्ये काळं काहीतरी दिसलं. चाक. तुटलेल्या आसाचा तुकडा अजून त्याला चिकटलेला. त्यानं चाक उलटं केलं. पिवळा खडू. सात फेब्रुवारी. अठ्ठावीस. विलो.

तो तिथेच पाण्यात बसला. बऱ्याच वेळानं चाक खांद्यावर घेऊन वर रस्त्यावर आला. पुन्हा तसलीच भुरभुर सुरू झाली होती. त्यानं डांबरावर तळहात ठेवून जोर दिला. हात सटकला आणि कोपर आपटलं. डांबरातली खडी चुनखडीची, जवळच्या खाणीतली, गाड्या जाऊन जाऊन काचेसारखी झालेली. डोंगरातला प्रत्येक ड्रायव्हर या रस्त्याला साबण म्हणतो. तुमच्या कागदात रस्त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्यानं चाक कार्मीनच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. ती आत गेली, पंचवीस सेंटचं नाणं घेऊन आली, आणि इथे सगळे खाचेची खोली मोजतात तसं तिनं ते, डोकं खाली करून, खाचेत उभं घातलं. नाण्यावरच्या वॉशिंग्टनचं डोकं पार कपाळापर्यंत बुडालं, म्हणजे खाच भरपूर खोल. तिनं दुसऱ्या खाचेत घातलं. तिसऱ्या. चौथ्या. मग खडूतल्या नावावर बोट ठेवलं, फिरवलं मात्र नाही, पुसलं जाईल म्हणून.

"मी तुला काय काय बोलले," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? गावाला मी कागद दाखवलाय. त्याच्यावर शिक्का आहे. आता चाक घेऊन दारोदार फिरू? म्हणतील, म्हातारीला टायरवाल्यानं गुंडाळलं. त्यांच्याकडून लिहून आण, एवारिस्तो. तोवर रविवारी ये, जेवून जा. पण मागच्या दारानं ये."

तो मागच्या दारानं गेला नाही. चाक घेऊन तुमच्या कार्यालयात आला. खिडकीतली बाई म्हणाली, प्रकरण बंद झालंय, आणि ती वस्तू आधी काउंटरवरून खाली घ्या. त्यानं अर्ज दिला. तिनं तो घेतला, पोच दिली नाही. याला आज चार महिने होतील.

चाक आता विलोच्या खुर्चीत आहे. एवारिस्तो त्याच्याशी बोलत नाही. रोज सकाळी त्यावरची धूळ झटकतो, खडूची बाजू सोडून, आणि टपालवाल्याची वाट बघतो.

तर सांगा. त्या सकाळी त्या गाडीला कुठले टायर लावलेले होते? आणि त्या वळणावर ती खडी कुणी टाकली? दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहून द्या. सहीनिशी, शिक्क्यासकट. एका ओळीत दिलीत तरी चालेल; तुम्हाला एका ओळीत लिहायची सवय आहेच.