सतरा कागद बाद

हृदयाच्या धमन्या चोंदण्याचा आजार जगात सर्वांत जास्त माणसं मारतो. श्रीमंत देश असो की गरीब, त्यात फारसा फरक नाही. आमच्या बस डेपोच्या तपासणीत मात्र पन्नाशीच्या आसपासच्या अठ्ठेचाळीस चालकांपैकी एकाच्याही ईसीजीत काही सापडलं नव्हतं. अहवाल मला लिहायचा होता आणि त्या शून्यावर माझा विश्वास बसेना. त्या अठ्ठेचाळिसांत माझे बाबा होते. बाबा हल्ली दोन जिने चढताना मध्येच थांबून बुटाची नाडी बांधतात. त्यांच्या बुटांना नाडी नाही.

मी ईसीजीचे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. अठरा कागदांत प्रत्येक ठोक्याच्या शिखरावर तीच बारीक खाच, त्याच जागी. दोन माणसांचे ठोके इतके जुळत नाहीत, अठरा जणांचे तर नाहीतच.

संशय ईसीजी काढणाऱ्या तंत्रज्ञ ताईंवर गेला. एकच कागद अठरा वेळा छापला असणार.

"ताई, हे सारखे कसे?"

"माझ्यावर नको हं घसरूस. प्रत्येकाला मी स्वतः टेबलावर झोपवलंय."

"चेहरे आठवतात?"

"एका सकाळी अठ्ठेचाळीस माणसं! चेहरा बघू की छाती? नावाचं कार्ड घ्यायचं, वायरी लावायच्या, पुढचा." मग त्या जरा घुटमळल्या. "भाजल्याचा डाग मात्र बऱ्याच जणांना होता. डावीकडे, लांबट. मला वाटलं, ड्रायव्हर लोकांना रेडिएटरची वाफ लागतच असेल."

तो डाग मी लहानपणापासून पाहत आले आहे. तो मामाचा. मामा त्याच डेपोत चालक, रोज पाच किलोमीटर पळणारा.

दुपारी बाबा ड्यूटीवरून आले. मी विचारलं, "मामा किती जणांच्या नावावर झोपला?"

"कोण म्हणालं?"

"त्याची छाती."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अगं, कागद वाईट आला की गाडी काढून घेतात आणि तिकीट खिडकीत बसवतात. ज्यांना धाकधूक होती त्यांनी कार्डं दिली त्याला. कुणाचं काय बिघडलं?"

"तुम्हाला कसली धाकधूक होती?"

"चढाला छाती आवळल्यासारखी होते. थांबलं की जाते."

"आणि गाडी चालवताना?"

"दोनदा झालं."

"मागे किती माणसं होती?"

"तू काय पोलिसात लागलीस?" ते हसायला गेले, पण जमलं नाही. "अहवालात काय लिहिणार?"

"सतरा कागद बाद. अठरावा मामाचाच, तो खरा आहे. बाकीच्यांची पुन्हा तपासणी, ओळख पटवून."

"बाकीचे सोळा जण माझ्या नावाने खडे फोडतील."

"फोडू देत."

"यादीत मी कितवा?"

"पहिले."

त्यांनी फोन उचलून डेपोत लावला. "उद्याची सकाळची फेरी दुसऱ्याला द्या," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कारण? लिहा, छातीत दुखतं." पलीकडच्याला बहुधा नीट ऐकू गेलं नाही, कारण बाबांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.