सोयराक्काचा हात

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात सोयराबाईला सगळे सोयराक्का म्हणत. चाळीस वर्षं तिनं गल्लीतली तान्ही बाळं पायांवर घेऊन तेल लावलं, न्हाऊ घातलं. पुढे तीच बाळं मोठी होऊन आपापली बाळं घेऊन तिच्याकडे आली. आपल्या हातांचा तिला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

म्हणून मारतहळ्ळीच्या एका कंपनीनं गाडी पाठवून बोलावलं, तेव्हा तिला काही नवल वाटलं नाही. तिथे नवजात बाळांना हाताळणारा यंत्राचा हात बनत होता आणि त्याला शिकवायला माणसाचा मुरलेला हात हवा होता. न्यायला आलेली सुखदा पुण्याची. इतक्या दूर मराठी बोलणारी बाई भेटली म्हणून सुखदाला कोण आनंद झाला.

निघताना लेक प्रेमा दारात उभी होती. कडेवर एकोणीस दिवसांचं बाळ. "अम्मा, लौकर ये. ह्याच्या आंघोळीला तूच लागतीस."

"सरी, सरी, येते. पाणी तापवून ठेव."

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. साखरेच्या आजारानं गेल्या वर्षभरात तिची बोटं बधिर झाली होती. पाण्याचा अंदाज ती कोपरानं घ्यायची, तेलाचा डोळ्यांनी. चोळणं तर अंगात मुरलेलं, त्याला बोटं कशाला कळायला हवीत, अशी ती स्वतःची समजूत घालायची. हे बाहेर फुटलं असतं तर कुणी तिच्या पायांवर बाळ दिलं नसतं. आणि बाळ नसलं तर सोयराक्का म्हणजे कोण, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

कंपनीत सुखदानं एक रबरी बाहुलं पुढे ठेवलं. "याच्या स्किनखाली सेन्सर आहेत, मावशी. तुमचा हात कुठे किती लागतो, ते स्क्रीनवर दिसेल."

सोयराक्कानं साडी सावरून पाय पसरले, बाहुलं पायांवर घेतलं आणि चोळायला लागली. पडद्यावरचं बाहुलं आधी हिरवं होतं, मग पिवळं झालं, मग लाल. लाल म्हणजे कुंकवाचा रंग, शुभाचा. ती खूश झाली आणि आणखी मन लावून चोळू लागली. मांड्या तर लालभडक झाल्या.

"मावशी, एक मिनिट." सुखदाचा आवाज उतरला होता. "लाल म्हणजे बाळाला दुखतंय."

"तुझं मशीन बिघडलंय गं."

सुखदानं स्वतः चोळून पाहिलं. हिरवं. गाडीवाल्या मंजुनाथला बोलावलं. त्याचा पंजा फावड्याएवढा, तरी हिरवंच. मग तिनं सोयराक्काच्या बोटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या.

"जोर जास्त झाला की या टोप्या थरथरतात. दाबा आता. कळतंय?"

"कळतंय की! चांगलं कळतंय."

"कुठल्या बोटाला?"

"सगळ्याच."

सुखदानं हातातली वायर वर धरली. ती कशालाच जोडलेली नव्हती. "मावशी, मी अजून चालूच नाही केलं."

सोयराक्कानं हात पदराखाली घेतले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण लाजेच्या मागोमाग भीती आली आणि ती फार मोठी होती. घरच्या बाळाच्या मांडीवर निळे डाग होते. सहाव्या दिवसानंतर उठलेले. प्रेमा घाबरली तेव्हा हीच छातीठोकपणे म्हणाली होती, "सटवाईनं हात लावलाय गं, शुभ असतं." बाळ आंघोळीत किंचाळायचं तेव्हा म्हणायची, "रडू दे, छाती मोकळी होते." वर्षभरात या हातांखालून गल्लीतली आणखी अकरा बाळं गेली होती. परतताना गाडीत बसल्या बसल्या तिला एकेकाचं रडणं आठवत गेलं.

घरी पाणी तापलं होतं. प्रेमानं बाळ पुढे केलं. सोयराक्कानं दुपटं बाजूला सारलं. मांडीवर ओळीनं चार डाग. तिनं आपली चार बोटं त्यांवर नुसती टेकवली. बरोब्बर बसली.

"प्रेमा, ही सटवाई नाही. मी आहे. माझ्या बोटांना काही कळत नाही. वर्ष झालं."

प्रेमानं डागांकडे पाहिलं, मग आईकडे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिनं बाळ छातीशी घेतलं आणि परक्या बाईपासून सरावं तशी दोन पावलं मागे सरली.

त्या दिवशी प्रेमानंच बाळाला न्हाऊ घातलं. तिला सवय नव्हती. सोयराक्का हात मांडीखाली दाबून भिंतीशी बसली आणि सांगत राहिली, "स्वल्प हलकं. आता पाठ. कानात पाणी जाऊ देऊ नको."

एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच बाळ आंघोळीला रडलं नाही. शेवटचा तांब्या होईपर्यंत नाही.