पेढा खाल्लेले सरदार

रत्ना पहिल्या खेपेला नापास झाली ती अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, नको इतका झाला म्हणून. अमेरिकेत, स्टेट कॉलेजला पीएचडीच्या तोंडी परीक्षेत डॉक्टर वॉल्श बाईंनी साधा प्रश्न विचारला होता. १८३३ साली स्पेनचा राजा फर्नांडो वारला, मुलगी इसाबेल तीन वर्षांचीही नव्हती, राजाचा धाकटा भाऊ कार्लोस गादीवर हक्क सांगत होता. तरी गादी पोरीकडे कशी राहिली? रत्नाने नागपूरच्या शाळेत ‘कारणे द्या’चं उत्तर लिहावं तसं, प्रस्तावना, सात मुद्दे आणि समारोप असं घडाघडा म्हणून दाखवलं. प्रत्येक मुद्द्याला एकेका इतिहासकाराचं नाव. बोर्डात तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. बाई म्हणाल्या, “हे मी वाचलंय. तुझं मत काय?” रत्नाने आठव्या इतिहासकाराचं नाव सांगितलं.

दुसरी आणि शेवटची संधी सात महिन्यांनी, मंगळवारी होती. या वेळी घसरली तर मास्टर्सचा कागद घेऊन सरळ घरी.

रविवारी सकाळी ती टिपणं घोकत होती, तेवढ्यात तिच्याबरोबर राहणाऱ्या हिमानीने तिला लॅपटॉपसमोर ओढून बसवलं. नाशिकला हिमानीच्या मामेबहिणीचा, प्रीताचा, साखरपुडा चालला होता. मामा फार आजारी होते. त्यांच्या धाकट्या भावाला मुलगा पसंत नव्हता, आणि मामांचं काही बरंवाईट झालं तर हा माणूस लग्न मोडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शोभनामामी मात्र भलती खमकी. तिने चार दिवसांत हॉल ठरवला. दहा वर्षं बोलणं टाकलेल्या प्रीताच्या एका आत्याला स्वतः जाऊन आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आता चाकाच्या खुर्चीतल्या मामांसमोर ती एकेका पाहुण्याच्या हातावर पेढा ठेवत होती.

“प्रीताचे काका नाही आले?” रत्नाने विचारलं.

“रुसून गावाबाहेर गेलेत. आता मोडून दाखव म्हणावं. सगळ्यांनी पेढा खाल्लाय यार, भर हॉलमध्ये.”

रत्ना मामीकडे बघतच राहिली. मग उठली आणि टिपणं ड्रॉवरमध्ये कोंबली. मंगळवारपर्यंत तिने ती बाहेर काढली नाहीत. हिमानीला वाटलं, पोरीने हाय खाल्ली.

मंगळवारी बाईंनी तोच प्रश्न त्याच थंड आवाजात विचारला. या वेळी प्रस्तावना नव्हती. ती म्हणाली, गादीच्या वारशाच्या कायद्याचा अर्थ दोघांनाही आपल्या बाजूने लावता येत होता. म्हणून राजा जिवंत असतानाच, जूनमध्ये, सरदार, बिशप आणि शहरांचे प्रतिनिधी यांना एकत्र बोलावून पोरीसाठी चारचौघांत शपथ घ्यायला लावली. त्याआधी राणी क्रिस्टिनाने देशोधडीला लागलेल्या विरोधकांना माफी देऊन परत येऊ दिलं होतं. काका पोर्तुगालात रुसून बसले. सप्टेंबरात राजा गेला, तेव्हा कार्लोसकडे जायचं तर आधी सगळ्यांदेखत दिलेला शब्द मोडावा लागत होता.

“तरी सात वर्षं युद्ध झालंच,” बाई म्हणाल्या. “शब्द मोडणारेही निघाले.”

निघाले, रत्नाने मान्य केलं. शपथेने युद्ध टळलं नाही. पण कार्लोसला ते बंडखोर म्हणून लढावं लागलं. राजधानी, तिजोरी आणि बरीचशी फौज पोरीच्या नावानेच चालत राहिली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “असं कोण म्हणतं?”

तीन नावं रत्नाच्या जिभेवर आली. तिने ती गिळली.

“मी म्हणते.”

तिला बाहेर बसवलं, पाच मिनिटांनी आत बोलावलं. चारही परीक्षकांचं एकमत होतं: पास. वॉल्श बाई चक्क हसल्या. रत्नाला इतका आनंद झाला की बसस्टॉपवर ती एकटीच मोठ्याने हसत उभी होती, आणि आलेली बस तिने तशीच जाऊ दिली.

संध्याकाळी दोघींनी दुधाच्या पावडरचे पेढे मायक्रोवेव्हमध्ये केले. दुसऱ्या दिवशी रत्ना डबा घेऊन चारही परीक्षकांच्या खोल्यांत गेली. आमच्याकडची पद्धत आहे, एवढंच तिने सांगितलं. प्रत्येकाने पेढा तोंडात घालून गिळेपर्यंत ती समोरून हलली नाही.