चिकटलेली पगडी

मल्हाररावांनी ट्यूब पिळली आणि जिलबी घालावी तसा गोंद पगडीच्या आत गोल गोल सोडला. इकडेतिकडे पाहिलं. मग घराण्याची ती जुनी पगडी डोक्यावर दाबून बसवली.

पडाव भागातल्या एका गोदामात जाहिरातीची खोली उभी होती. लोखंडी चाकात बसवलेली, पैलवानांनी ढकलली की अख्खी उलटी होणारी. कॉम्प्युटरची करामत नाही, सगळं खरंखुरं. जाहिरात गोंदाचीच. खोली उलटली तरी टेबल, कपबशा, घड्याळ जागच्या जागी राहणार. खुर्चीला पट्ट्यानं बांधलेल्या म्हाताऱ्याची, म्हणजे मल्हाररावांची, पगडी तेवढी पडणार. 'सब चिपकता है, इज्जत छोड़के.' ही ओळ मल्हाररावांच्या कानांवर सरावाच्या वेळीच आली होती.

"काका, रेडी?" दिग्दर्शक अंबरीशनं विचारलं.

"पानिपतात पडली नाही ही, तुमच्या चाकात काय पडते!"

खोली उलटली. पगडी हलली नाही. अंबरीशनं पुन्हा फिरवायला लावली, मग हिसके देत, मग उलटीच थांबवून ठेवली. मल्हाररावांच्या नाकातलं रक्त कपाळाकडे वाहू लागलं.

"काकाजी, थोड़ा मुंडी हिलाओ!" पैलवान हसत होते.

शेवटी अंबरीशच दमला. "ओळ बदला. 'इज्जत भी चिपकती है.'"

मल्हारराव जिंकले. पगडी मात्र निघेना. कंपू मोहल्ल्यातल्या दवाखान्यात केस मुळापासून भादरले, तेव्हा सुटली. आतून केसाळ, मेलेल्या मांजरासारखी.

घराच्या दारात शेजारच्या लीलाताई भेटल्या.

"अगबाई, मुंडन? कोण गेलं हो?"

विजयाबाईंनी हसू आवरायला पदर तोंडाशी नेला. मल्हाररावांनी बायकोकडे पाहिलं.

"थोरले बंधू," ते म्हणाले. "इंदूरचे सूर्याजी."

पदर तोंडाशीच राहिला.

सूर्याजी ठणठणीत होते. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, तेही या पगडीवरूनच. मान थोरल्याचा, वडील गेल्यावर उचलली धाकट्यानं.

गल्ली हळहळली. माणसं भेटायला येऊ लागली, तशी मल्हाररावांची गोष्टही वाढू लागली. "म्हणाले, मल्हार, पगडी तूच सांभाळ. आणि मान टाकली." मग लोकांनीच ठरवलं, तेराव्याला चारचौघांत पगडीची रस्म करायची, वारसाच्या डोक्यावर ती रीतसर ठेवायची.

तेराव्याला बैठक भरली. गुरुजींनी पगडी ताम्हनात ठेवली, तोच दारात ऑटो थांबला. काठी टेकत सूर्याजी आत आले. ओळखणाऱ्या दोघातिघांनी हातातले कप खाली ठेवले. विजयाबाई तेवढ्या उठल्या आणि आधीच भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे केला.

"चालू द्या," सूर्याजी म्हणाले. "मीच घालतो. आता रीतसर होऊ दे."

त्यांनी पगडी उचलली, आतल्या केसांवरून बोट फिरवलं आणि ती धाकट्याच्या गुळगुळीत डोक्यावर ठेवली. ती लगेच घसरू लागली. मल्हाररावांनी दोन्ही हातांनी धरली.

सूर्याजींनी पाय जरा पुढे केला.

"वाक," ते म्हणाले. "हात जोडून."