पाण्याखालून आलेला आवाज

संध्याकाळ उतरत होती. बंगालच्या उपसागरावर आधी केशर सांडलं, मग कुंकू, मग नुसती राख. त्या विस्तीर्ण, श्यामल, मंदश्वासी जलराशीतून एक पांढरं जहाज पूर्वेकडे निघालं होतं, आणि त्याच्या पाठीमागून एक काळीभोर केबल अखंड, अविरत, अथांगात उतरत होती.

समुद्रतळाशी तारा पूर्वीही होत्या. पण त्या मुक्या. तारायंत्राचे ठिपके आणि रेघा तेवढ्या वाहायच्या. माणसाचा आवाज जायचा तो रेडिओलहरींवर, आभाळातून, वादळात फाटत, विजांत विझत. आता तो या पाण्याखालून जाणार होता. मद्रासहून मलायापर्यंत, उबदार, सश्वास, सजीव.

अच्युत केरकर त्या जहाजावर केबलचे सांधे जोडायचा. वेंगुर्ल्याचा माणूस, बोलणं मोजकं, डोळे खोल. दोन वर्षांपूर्वी त्याची तान्ही लेक तापात गेली. तेव्हापासून मद्रासच्या त्या दोन खोल्यांत तिचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. त्यानं नाही, त्याच्या बायकोनं, वृंदानंही नाही. दोघं एका ताटाशी बसत, एका दिव्याखाली निजत. आणि मध्ये मौन पसरलेलं असे, निस्तरंग, अथांग.

रोज सांजेला किनाऱ्यावरच्या केंद्रातून कुणीतरी या केबलवरून जहाजाशी बोले. तार शाबूत आहे की नाही, ते पाहायला. त्या सांजेला केंद्रातल्या सुंदरम् साहेबांनी निरोप दिला, की केरकरांच्या घरून माणूस आलं आहे. अच्युतनं फोन कानाला लावला.

"अहो, मी बोलतेय."

आवाज इतका जवळ होता, की त्यानं मागं वळून पाहिलं. मागं फक्त पोलादी भिंत होती, आणि गोल खिडकीत मावळता समुद्र.

"बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

"आज आपल्या चारूचा वाढदिवस."

केबल उतरत राहिली. जहाज चालत राहिलं. आणि जे घरात कधीच फुटलं नव्हतं, ते तिथं, त्या अनोळखी पाण्यावर फुटलं. त्यानं फोनवर हात धरला, पण उशीर झाला होता. त्याचा हुंदका तारेत उतरला होता.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "तुम्ही घरात कधी रडला नाहीत. मला वाटायचं, मी एकटीच होते तिची."

"तुझ्यासमोर रडलो असतो, तर तुला सावरलं कुणी असतं गं?"

"सावरायचं नव्हतं मला. तुमच्यासोबत रडायचं होतं."

मग ती रोज सांजेला केंद्रावर येऊ लागली. चारूचं जावळ, चारूचं हसणं, तिच्या मुठीची ती चिमुकली पकड. एकेक आठवण ओल्या फुलासारखी तारेतून येई. जहाज दूर जात होतं आणि आवाज तसाच, कानाशी, गालाशी. जितकं पाणी वाढे, तितकी ओढ वाढे. त्याला वाटे, हा समुद्र असाच रुंदावत जावा. त्याला वाटे, आत्ता, या क्षणी घरी पोचावं.

आणि मलायाचा किनारा आला. हिरवा, धूसर, माडांनी झाकलेला.

शेवटचा सांधा अच्युतच्याच वाट्याला आला. "आज जोडणार," त्यानं तिला सांगितलं. "उद्यापासून ही तार जगाची."

"जोडा," ती म्हणाली. "नीट जोडा. कुणाकुणाला कायकाय बोलायचं असेल." मग तिनं हळूच भर घातली, "आणि लवकर या."

त्यानं सांधा जोडला. तांब्याला तांबं, आवरणावर आवरण. केबल जहाजाच्या काठावरून निसटली, आणि जहाजावरचा फोन मुका झाला. पाणी दुभंगलं, पाणी मिटलं. तिकडं खाली, जिथं सूर्य कधी पोचत नाही, तिथून आता अनोळखी आया, अनोळखी लेकरं, अनोळखी प्रियजन एकमेकांना हाका मारणार होते.

जहाजाचं तोंड पश्चिमेकडे वळलं. तिच्यापर्यंत जायला त्याला आता एकच वाट उरली होती : पाण्यावरची, संथ, अबोल वाट; लाटेमागून लाट, लाटेमागून लाट, आणि मग तीर.