फळी रिकामी, गुहा रिकामी

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलात तर ऐकू यायचं नाही, कारण ही गोष्ट पाण्याच्या आवाजातली आहे. टाळ मांडीवर ठेवा. कीर्तन उभं राहीपर्यंत एवढी एक सांगतो.

श्रावणी सोमवार होता. सिद्धगडाच्या बाजूच्या त्या घळीत नथूमामा शिट्टी फुंकत होते आणि माणसं गुहेतून धावत बाहेर येत होती. वर डोंगरावर काळं दाटून आलं होतं, ओढ्याचं पाणी चहासारखं झालं होतं.

"चला, चला! सेल्फी घरी काढा! पाणी येतंय!"

गुहा ओढ्याच्या पलीकडे, मामांची चपलांची शेड अलीकडे, मधे लाकडी साकव. आत पिंड, म्हणून चपला इथंच काढायच्या. कमिटीनं आत रंगीत दिवे लावल्यापासून कल्याण-ठाण्याची माणसंही येऊ लागली होती. तेव्हापासून मामा चपला सांभाळत. त्यांचा नेम साधा होता. चपलांची फळी रिकामी झाली की गुहा रिकामी झाली. आजवर तो चुकला नव्हता.

शेवटची सँडल एका बाईनं उचलली. मामांनी फळीवरून हात फिरवला. "सुनिल, साकवाला साखळी लाव. मेन स्विच पाड."

सुनिल त्यांचा भाचा, कमिटीचा कार्यकर्ता. त्यानं साखळी ओढली, बटण पाडलं. पलीकडे गुहेच्या तोंडातला हिरवा-जांभळा उजेड विझला.

तेवढ्यात ती सँडलवाली बाई म्हणाली, "काका, त्या बेलवाल्या आजी कुठे गेल्या? टोपली उघडीच आहे."

शेडच्या कोपऱ्यात टोपली होती. बेल, कुर्डूची फुलं. मामांनी पुन्हा रिकाम्या फळीकडं पाहिलं. बेलवाली म्हणजे वरच्या ठाकरवाडीची म्हातारी. रोज दुपारी आत जाऊन पिंडीपाशी दिवा लावायची. बल्ब यायच्या आधीपासूनचा तिच्या घराण्याचा तो मान. आणि तिच्या पायांत जन्मात कधी चप्पल नव्हती.

"सुनिल, साखळी काढ."

"मामा, साकव हलतोय! फोन केलाय मी. माणसं येतील किन्हवलीकडनं."

"तवर आत पाणी भरंल."

"अरे पण कोण हाय ती आपली?"

साखळीखालून वाकून ते साकवावर गेले. पाणी घोट्याला लागलं, मधे पोचेतो गुडघ्याला. पलीकडच्या दगडाला हात लागला न लागला तोच मागं कडाड् आवाज झाला. वळून पाहतात तर साकव नव्हता. सुनिलचं तोंड उघडं दिसत होतं, शब्द एकही ऐकू येत नव्हता.

आत मिट्ट काळोख. मामा भिंतीला धरून सरकू लागले. मागून पाणी पायांत येत होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हाक मारायची काय म्हणून? इतकी वर्षं ती शेजारी बसत होती. उन्हात तिनं त्यांच्या तांब्यातलं पाणी प्यायलं होतं. नाव कधी विचारलंच नव्हतं.

"ओ बेलवाली!" ते ओरडले. "अगो बाय! हायेस का?"

पाण्याच्या गडगडाटात हाक बुडाली. पाणी मांडीला आलं. पाय घसरला, कपाळ दगडावर आपटलं. 'पांडुरंगा' एवढंच तोंडातून निघालं. डोळे पुसून पाहिलं तर आत, पिंडीच्या मागच्या कपारीत, उंचावर, बोटभर उजेड होता.

"कोन रं? चपलावाला का तू?"

म्हातारी पणतीभोवती हात धरून बसली होती. मामा चढले, तिनं मनगट धरून ओढलं.

"शिट्टी ऐकली नाय गो?"

"आयकली. ती तुज्या पाव्हन्यांची. माजी कशी असंल?"

मामा धापा टाकत राहिले. खाली पिंड पाण्याखाली गेली. पाणी कपारीच्या दगडाला चाटू लागलं. दोघांनी पाय वर घेतले.

"मीच साखळी लावाय सांगितली," मामा म्हणाले. "फळी रिकामी दिसली. तुला मोजलीच नाय मी."

"माज्या आयशीला तरी कोन मोजीत व्हता?" ती हसली. वाऱ्यानं ज्योत फडफडली.

"देव मोजतो गो सगळ्यांना."

"मंग त्याला दिसाया नको? म्हनून तर दिवा लावते."

मामांनी कीर्तनात उभी हयात टाळ वाजवला होता. बुवांच्या तोंडून कितीतरी ऐकलं होतं. असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिच्या हाताबाहेर आपले हात धरले, वारा अडवायला.

"नाव काय गो तुझं?"

तिनं पणती जरा वर धरून त्यांचं तोंड पाहिलं. कुणी असं विचारल्याची सवय नसावी. "सावळी."

"मी नथू."

"बरं," ती म्हणाली. "नथू, पाय अजून वर घे."

पाणी दगडाच्या कडेला आलं, तिथंच रेंगाळलं, आणि कितीतरी वेळानं एक बोट उतरलं. मग दोन. पणतीतलं तेल संपलं. अंधारात दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसली.

दिवस कलताना पाणी कमरेखाली आलं. दोघं भिंत धरत धरत गुहेच्या तोंडाशी आली. पलीकडे बॅटऱ्या, दोर, माणसं. सुनिलचा आवाज फाटला होता. "मामा! हायेस का रे मामा!"

"हाय! दोघं हाव!"

"दुसरा कोण?"

मामांनी छाती भरून घेतली. मंडपाच्या टोकाला बसलेल्यालाही धृपद ऐकू जावं, असा त्यांचा गळा. तो पुरा लावून ते ओरडले, "सावळी! वरच्या वाडीची सावळी! दोर आधी तिला!"

दोर आला. ओढ्याच्या गडगडाटावरून, एकामागून एक, पलीकडची माणसं हाक देऊ लागली. "धर गो, सावळी! सावळीबाय, घट धर!" म्हातारीनं दोर कमरेला बांधून घेतला. पाण्यात पाऊल टाकण्याआधी ती क्षणभर थांबली आणि त्या हाका ऐकत राहिली.

एवढीच गोष्ट. आता टाळ उचला, बुवा उभे राहतायत. पण गजर करताना मनात त्या माउलीलाही एक जागा असू द्या, बाप्पांनो. नाव ध्यानात ठेवा, सावळी.